तिच्या वाट्याचा राग

माहेरून फोन येतो तो आईचा. बाबांना फोनवर बोलायला आवडत नाही. आईने बळेच कानाला लावला तर ‘बरं हाय ना?’ एवढंच विचारून ते तो परत देतात. म्हणून त्या सकाळी, शाळेत शिकवायला निघायच्या गडबडीत, पलीकडून बाबांचा आवाज ऐकला तेव्हाच काहीतरी विपरीत घडलंय हे मी ओळखलं. “सुनंदा, कौसल्या गेली…” ते म्हणाले. “झोपीतच गेली. तरास नाई झाला. तू निंघ.” कौसल्या म्हणजे माझी काकू, बाबांच्या धाकट्या भावाची बायको. अकोल्याहून एसटीने रिसोड आणि तिथून जीपने गाव. मी पोचले तेव्हा अंगणात सतरंजी टाकलेली होती. तिच्यावर बाबा गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि त्यांच्या शेजारी, त्याच सतरंजीवर, किसन बसला होता. बाहेरच्या माणसाला त्यात काहीच वाटलं नसतं. गावात कुणी मेलं की शेजारीपाजारी येऊन बसतातच. पण हा किसन म्हणजे ज्याच्या हातून माझ्या काकांचा जीव गेला तो माणूस. तो आमच्या अंगणात, बाबांच्या शेजारी बसलेला दिसावा, यासाठी काकूला उरलेलं सगळं आयुष्य द्यावं लागलं. ती कशी माणूस होती हे सांगायचं, तर ही गोष्ट सांगावी लागते.

काकू लग्न होऊन आली तेव्हा मी लहान होते. ती मोठ्याने हसायची हे मला सगळ्यात आधी आठवतं. आमच्या घरातल्या बायका पदर तोंडाशी धरून हसत. ही मात्र हसली की गोठ्यातले बैल कान टवकारत. प्रल्हादकाका अबोल माणूस होते. त्यांना हसवणं हाच तिचा उद्योग होता. मूलबाळ झालं नाही त्यांना, पण त्याचं दुःख दोघांनी कधी घरभर पसरू दिलं नाही. आमचं आणि किसनचं वावर लागून होतं. किसन बाबांचा चुलतभाऊ, आमच्याच भावकीतला. दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन्ही घरांत जुनी कुरबूर होती. दरवर्षी कुणीतरी नांगर हातभर पुढे घ्यायचा, मग शिव्यागाळी व्हायची, मग कुणीतरी समजूत घालायचं. एका उन्हाळ्यात नांगरटीच्या वेळी मात्र समजूत घालायला जवळ कुणी नव्हतं. शब्दाने शब्द वाढला आणि किसनने हातातली काठी काकांच्या डोक्यात घातली. काकांना बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपने दवाखान्यात नेलं, पण ते वाटेतच गेले. किसनला जन्मठेप झाली. त्याची बायको वत्सला आणि म्हातारी आई मागे राहिल्या, आमच्या घरासमोरच, मध्ये फक्त गल्ली.

त्यानंतर काकूचं हसणं बंद झालं आणि दुसरंच काही सुरू झालं. रोज सकाळी सडा टाकून झाला की ती रिकामी बादली खाली ठेवायची, किसनच्या दाराकडे तोंड करून उभी राहायची आणि दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडायची. मग तळतळाट. तुमच्या घरात दिवा लागणार नाही, तुमच्या वावरात कुसळ उगवणार नाही, तो जेलातच किडे पडून मरन… समोरचं दार बंद असायचं. आत वत्सला आहे आणि ती ऐकते आहे हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. एकदा वत्सलाची दुभती म्हैस मेली, तर काकूने गल्लीत साखर वाटली. आज सांगताना विचित्र वाटतं, पण आमच्या घरात कुणाला ते वावगं वाटलं नाही. बाबा तर म्हणायचे, “कौसल्यानं माह्या भावाचं नाव जितं ठेवलं.” दुःख करणं म्हणजे राग धरणं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. आणि ती मात्र वाळत चालली होती. जेवण तुटलं, झोप तुटली. काही वर्षांनी तिच्या पोटात गाठ निघाली आणि एका मिशनच्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. सोबतीला आई राहिली होती. पुढचं सगळं मी आईच्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे.

शेजारच्या खाटेवर मार्थाबाई नावाची मंगरुळपीरकडची एक वयस्कर बाई होती. रोज संध्याकाळी ती उठून बसायची, डोळे मिटायची आणि हळू आवाजात प्रार्थना करायची. प्रार्थनेत ती एकेकाचं नाव घ्यायची. सुनेचं, नातवांचं, डॉक्टरांचं, झाडू मारणाऱ्या बाईचं. नंतर तिने काकूचं नावही घ्यायला सुरुवात केली. काकूने हरकत घेतली नाही, आजारी माणसाला कुणाचाही आशीर्वाद चालतो. त्या नावांत एक राजू ड्रायव्हर होता. हा तुमचा कोण, असं काकूने एकदा सहज विचारलं. “त्याच्या टरकाखाली माहा पोरगा गेला, बाई,” मार्थाबाई म्हणाली. आई सांगते, काकू टाके घातलेल्या पोटाने उठून बसली. “अन् तुमी त्याच्यासाठी हात जोडता? पोराची काई किंमत नाई काय तुमाले?” पूर्ण वॉर्ड तिच्याकडे बघायला लागला. मार्थाबाई रागावली नाही. ती म्हणाली, “किंमत हाय म्हनूनच त… पहिले मी त्या ड्रायव्हरच्या नावानं उठू अन् त्याच्याच नावानं झोपू. पोराची आठवन कराले बसली की तोंड त्याचं दिसे. माह्या पोराची जागाच त्यानं घेऊन टाकली होती. मंग मी येशूले म्हनलं, तुले खिळे ठोकनाऱ्यायले तू माफ केलं, मले नाई जमत. तू शिकव. लय दिवस लागले, बाई. एका दिवसात नाई होत.”

काकूने त्यावर तिच्याशी बोलणं सोडलं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे पाठ करून झोपली. पण त्याच दुपारी ती आईला हळूच म्हणाली, “बाई, मले माह्या मानसाचं तोंड आठवत नाई. डोळे मिटले की किसनच दिसते.” संध्याकाळी मार्थाबाई प्रार्थनेला बसली तेव्हा काकूने कूस बदलली आणि तिच्याकडे तोंड करून पडून राहिली. मग रोज संध्याकाळी त्या बोलत बसायला लागल्या. दवाखान्यातून निघायच्या दिवशी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

गावी आल्यावर काकूची सकाळ बदलली हे आधी गल्लीच्या ध्यानात आलं. सडा टाकून ती सरळ घरात यायला लागली. घरात मात्र एक नवीन प्रकार सुरू झाला होता. चुलीपाशी बसून ती डोळे मिटायची आणि पुटपुटायची. आईने एकदा दाराआडून ऐकलं: “देवा, किसनचं वाटोळं कर, असं माह्या मनात हाय. तुह्यापासून काय लपवू? पन तू नाई म्हनतं, त राहू दे. मले पटलं नाई अजून… पन राहू दे.” आईला हसूही आलं आणि रडूही. कित्येक महिने हीच प्रार्थना चालली. मग हळूहळू त्यातलं वाटोळं गेलं, नुसतं नाव राहिलं. रविवारी ती जीपने रिसोडला जायला लागली. तिथे पत्र्याच्या एका सभागृहात थोडी कुटुंबं उपासनेला जमायची. पुढे तिने बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी ती घरी आली आणि स्वतःहून बाबांसमोर जाऊन उभी राहिली. बाबा तिचे भासरे, म्हणजे मोठे दीर. आमच्याकडे धाकट्या सुनेने भासऱ्यांशी समोरासमोर बोलायची पद्धत नाही. ती पदर पुढे ओढून, भिंतीकडे बघत म्हणाली की आपण येशूला मानलं आहे आणि किसनला मनातून माफ केलं आहे.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि सुट्टीवर घरी होते. देव बदलल्यामुळे ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “तू कोनाले हात जोडतं त्याचं मले काई नाई. पन माह्या भावाचं रगत तू कोनाले इचारून माफ केलं?” काकू म्हणाली, “भाऊजी, तुमचं तुमी पाहा. मी माह्या वाट्याचं सोडलं.” त्यानंतर बाबांनी तिच्याशी बोलणं सोडलं. गावात लोक काहीबाही बोलले. हळदीकुंकवाला तसंही विधवेला कुणी बोलवत नव्हतं, आता बारशा-लग्नालाही बोलावणं टळायला लागलं. तिने कुणाला उलट उत्तर दिलं नाही. तिचा स्वभाव बघता आम्हाला तेच सगळ्यात मोठं नवल वाटायचं. आणि एक गोष्ट मला फार नंतर उमगली. त्याच दिवसांत तिने काकांबद्दल बोलायला सुरुवात केली. ते बैलांना हाक कशी मारायचे, त्यांना कढीतले गोळे किती आवडायचे, लग्नानंतर पहिल्यांदा जत्रेला नेलं तेव्हा बोलायला काही सुचेना म्हणून तिला सगळ्या दुकानदारांची नावं कशी सांगत बसले. सांगता सांगता ती हसायची. मोठ्याने, पूर्वीसारखी. इतकी वर्षं आमच्या घरात प्रल्हादकाकांचा खून होता. आता खुद्द प्रल्हादकाका परत आले होते.

वत्सलाच्या दारात ती पहिल्यांदा गेली तेव्हा वत्सलाने दार उघडलं नाही. जादूटोणा करायला आली असेल असं तिला वाटलं होतं, असं तिनेच पुढे हसत हसत सांगितलं. काकू पुन्हा गेली, मग पुन्हा गेली. शेवटी वत्सलाच्या सासूनेच आतून कडी काढली. काकू उंबऱ्याबाहेरच बसली आणि म्हणाली, “वत्सला, मी तुले लय शिव्या देल्या. तुही म्हैस मेली तवा म्या साखर वाटली. माह्यावर राग नको धरू.” वत्सला म्हणाली, “तुमचा मानूस आमच्या मानसानं मारला, अन् माफी तुमी मांगता?” काकू म्हणाली, “त्याचं त्याच्यापाशी. माह्यं मी मांगून राह्यली.” पुढे म्हातारी अंथरुणाला खिळली. वत्सला मजुरीला गेली की काकू गल्ली ओलांडून जायची, म्हातारीला कुशीवर वळवायची, पेज भरवायची. किसनची आई काकूच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

मग किसन सुटला. तो येणार ही बातमी आधीच गावात पोचली होती. भावकीतली तरणी पोरं त्या दुपारी पारावर काठ्या घेऊन बसली आणि त्यांच्या मध्ये बाबा बसले. मी तेव्हा माहेरी आले होते. आई देवापुढे बसून होती आणि मला घराबाहेर पडू देत नव्हती, तरी मी गेलेच. जीप थांबायची जागा पारापासून दिसते. तिथे वत्सला उभी होती आणि तिच्या शेजारी, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, काकू. जीप आली. किसन उतरला. मी आठवणीत ठेवलेला दांडगा माणूस कुठेच नव्हता, एक वाकलेला, पांढऱ्या केसांचा माणूस होता. काकूने तांब्या पुढे केला. “पानी पे,” ती म्हणाली. तो तांब्याला हात लावेना. वत्सलाने धरला, तेव्हा तो प्यायला. मग काकू पुढे, मागे किसन, त्याच्या मागे वत्सला, असे तिघं चालत आले. गावात शिरायला पारावरूनच वाट आहे. पोरं उठून उभी राहिली. बाबाही उठले. काकू थांबली. मला वाटलं, आता ती देवाचं काही बोलेल, हात जोडेल. तिने पदर नीट केला आणि रोजच्या आवाजात म्हणाली, “भाऊजी, तुमचं जेवाचं राह्यलं. भाकरी थंड्या होऊन राह्यल्या. घरी चला.”

किती वर्षांनी ती बाबांशी बोलली होती, आणि तेही चारचौघांत. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती… मग ते खाली उतरले आणि कुणाकडेही न बघता घराच्या वाटेला लागले. बाबाच उठून गेल्यावर पोरं काय करणार? एकेकाने काठी काखेत मारली आणि निघून गेला. बाबा घरी येऊन जेवले मात्र नाहीत. ताट समोर ठेवून बसून राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. भावाच्या मरणानंतर मी त्यांना रडताना पाहिलं ते पहिल्यांदाच.

मी हे लिहिते आहे म्हणून कुणी असं समजू नये की काकूने सगळं गोड करून टाकलं. किसन तिच्या पाया पडायला आला तेव्हा ती त्याला स्पष्ट म्हणाली होती, “तू केलं ते लय वाईट केलं. मी ते इसरली नाई, तू बी इसरू नको. पन मी तुह्यावर राग धरून नाई.” किसन काही ख्रिस्ती झाला नाही. तो आजही मारुतीला जातो. मीसुद्धा माझ्या देवघरातला दिवा लावते आणि काकूने मला कधीही ये म्हणून आग्रह केला नाही. मी एकदा विचारलं, तुला इतकं बळ कुठून आलं? ती म्हणाली, “माह्यं कायचं बळ, माय? माह्यं बळ त बोटं मोडन्यात होतं. हे येशूचं हाय.” पण तिच्याकडे बघून लोक बदलले हे मी डोळ्यांनी पाहिलं. जावाजावांचं भांडण टोकाला गेलं की कुणीतरी म्हणायचं, कौसल्याबाईले बोलवा. ती जायची, उपदेश करायची नाही, दोघींमध्ये बसून तांदूळ निवडायला घ्यायची. जिने पतीच्या मारेकऱ्याला पाणी पाजलं तिच्यासमोर नळाच्या पाण्यावरून भांडायची बायकांना लाज वाटायची.

बाबांना सगळ्यात जास्त वेळ लागला. किसन समोरून आला की ते वाट बदलायचे. एका वर्षी सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, अंगणात गंजी लावलेली होती आणि भर दुपारी अवकाळी आभाळ आलं. बाबा तापाने फणफणले होते, घरात आम्ही बायकाच. ताडपत्री वाऱ्याने उडायला लागली तसा समोरून किसन धावत आला आणि त्याने एक टोक धरलं. बाबा अंगावरचं पांघरूण टाकून बाहेर आले. आम्ही सगळ्या जिथल्या तिथे थांबलो. बाबांनी दुसरं टोक उचललं आणि म्हणाले, “तिकून धर. वढ.” इतक्या वर्षांनी त्यांच्यात झालेलं बोलणं हे एवढंच. काकू ओट्यावर उभी होती. तिने आत जाऊन चहा टाकला. दोघांचे पेले मात्र तिने एकाच ताटलीत ठेवून आणले.

ती गेली तेव्हा तिला पुरायचं कुठे हा प्रश्न आला. आमच्या गावात ख्रिस्ती माणसांची स्मशानभूमी नाही. लोक कुजबुजायला लागले. बाबा म्हणाले, “आपल्या वावरात. प्रल्हादले जिथं जाळलं त्याच्या बाजूले.” दोघं-तिघं कुदळी घेऊन वावराकडे निघाले. उपासना घेणाऱ्या पाळकांनी प्रार्थना केली, रिसोडहून आलेल्या मंडळींनी गाणं म्हटलं, आणि आमच्या भावकीतल्या बायकांना त्यातलं ध्रुवपद कसं कोण जाणे पाठ होतं. ती चुलीपाशी गुणगुणायची, त्यावरूनच झालं असणार. शवपेटी उचलायची वेळ आली तेव्हा किसन कुंपणापाशी लांब उभा राहिला. बाबांनी वळून पाहिलं. “किसन,” ते म्हणाले, “हात लाव.” तो पुढे आला आणि बाबांच्या शेजारी खांदा द्यायला उभा राहिला. अंगणातून वावरापर्यंत ते दोघे तसेच गेले.

त्यानंतरचा रविवार मी गावातच होते. गेली काही वर्षं काकूचे गुडघे दुखत, जीपमध्ये चढता येत नसे, तेव्हापासून बाबाच तिला मोटरसायकलवर उपासनेला घेऊन जात होते. ती भासऱ्यांना हात कसा लावणार, म्हणून मागचा लोखंडी कॅरिअर धरून एका बाजूला बसायची. रस्ता इतका खराब की एकदा बाबाच म्हणाले, “खांद्यावर हात ठेव, पडशीन,” आणि तेव्हापासून ती खांदा धरायला लागली. उपासना संपेपर्यंत बाबा बाहेर कडुलिंबाखाली तंबाखू मळत बसत. आत कधी गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, मी फक्त गाडीवाला. त्या रविवारी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे मोटरसायकल अंगणात काढली, फडक्याने मागची सीट पुसली, किक मारली आणि दाराकडे बघत थांबले. इंजिन चालू होतं. मग त्यांच्या ध्यानात आलं. आई आणि मी ओट्यावर होतो. त्यांनी गाडी बंद केली नाही. थोडा वेळ तसेच थांबले आणि निघाले, खड्डे चुकवत, अगदी हळू, मागे कुणी बसलेलं असावं तसे.

दुपारी परत आले. आईने पाणी दिलं आणि विचारलं, “कुठं गेलते?”

“रिसोडले.”

“तिथं काय काम होतं आता?”

“काई नाई,” बाबा म्हणाले. “गानं होतं त्यायचं. आत बसून आयकलं.”

“काहून, बाहेर ऊन होतं काय?”

बाबांनी तांब्या खाली ठेवला. “नाई,” ते म्हणाले. “ऊन नवतं.”